मामाचं नाक आणि चाळीस वर्षांची बाटली

४ फेब्रुवारी

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात घातला असं समज.)

फोनवर अडचणीचा विषय निघाला की तुला ऐकू येईनासं होतं, म्हणून लिहितेय. कागदाला 'हॅलो, हॅलो' करता येत नाही.

तुझ्या शेजारच्या शिंपीणबाईंचा आईला फोन आला होता. मंगळवारी सकाळी तुझ्या स्वयंपाकघरातून धूर यायला लागला, त्यांनी दार बडवलं, तर तू पेपर हातात घेऊन दार उघडलंस आणि विचारलंस, "काय हो, कुठे आग लागलीय?" तुझ्याच घरात लागली होती, मामा. दूध उतू जाऊन, करपून पातेल्याचा कोळसा झाला होता आणि तू चार पावलांवर बसून शब्दकोडं सोडवत होतास. मोठ्या हॉटेलच्या जेवणघरात अठ्ठावीस वर्षं वाढप्यांचा मुख्य असलेला माणूस! कोपऱ्यातल्या टेबलावरचं लोणी कालचं आहे हे दारातून सांगणारा! लोक तुला नाकसाहेब म्हणायचे, आम्ही नाकमामा म्हणायचो. त्या नाकाला करपलेलं दूध कळलं नाही?

आईने तेव्हापासून माझं डोकं खाल्लंय. "माझा एकुलता एक भाऊ, चौथा मजला, लिफ्ट नाही," हे दिवसातून सहा वेळा. म्हणून स्पष्टच विचारते: आमच्या औषधांच्या दुकानावरची खोली रिकामी आहे. बाबा गेल्यापासून तिथे खोकी होती, ती मी काढली. पडदे लावलेत, जिन्याला कठडा बसवलाय. येशील का राहायला?

तू 'नाही' म्हणणार हे माहीत आहे. 'माझं नाक शाबूत आहे, दुधाचं काय घेऊन बसलात' असंही म्हणशील. मग सिद्ध करून दाखव.

ती बाटली आठवते ना? मी तीन वर्षांची झाले तेव्हा सगळ्यांनी बाहुल्या आणल्या आणि तू पोर्ट वाइनची बाटली आणलीस. माझ्या जन्मसालच्या द्राक्षांची. मी म्हणे विचारलं, "हे खोकल्याचं औषध आहे?" बाबांनी आपल्या सवयीने तिच्यावर लेबल चिकटवलं: 'पुडीसाठी. वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आडवी ठेवावी. हलवू नये.' ती अजून दुकानामागच्या थंड खोलीत, खालच्या फळीवर आडवी आहे. एकोणीस मार्चला मी चाळीस पुरी करते. ये. तीन ग्लास मांडते. एकात ही, दोनात बाजारातल्या नव्या पोर्ट. रंगावरून ओळखशील, म्हणून डोळे बांधणार. जुनी कुठली ते ओळखलंस, तर खोलीचं नाव कुणी काढणार नाही, आईसुद्धा नाही. चुकलास तर बॅग घेऊन वर यायचं. बोल!

सोबत गुडघ्यांसाठी एक तेल पाठवतेय. गुलाबाचं आहे. रोज चोळ.

तुझी,
पुडी

९ फेब्रुवारी

चि. पुडीस,

भरपूर आशीर्वाद आणि त्यांच्यावर एक बारीक चिमटा.

शिंपीणबाई फार चांगल्या आहेत, पण त्यांना आगगाडीचा धूर दिसला तरी त्या बंबवाल्यांना बोलावतील. त्या दिवशी मी आडवा चौदावा शब्द शोधत होतो. सात अक्षरी होता. अशा वेळी माणसाचं नाक, कान, सगळं त्या शब्दाकडे असतं. एका पातेल्यावरून तू मला जिन्याच्या कठड्याला बांधायला निघालीस?

पुडे, मला माझं घर आवडतं. खिडकीशी माझी खुर्ची आहे, तिची एक बाजू माझ्या पाठीच्या आकाराची झाली आहे. कुठे गेला होतास, जेवलास का, स्वेटर घातलास का, हे विचारणारं कुणी नाही. तुझी आई हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारते. लहानपणापासून विचारते आहे, आणि मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा आहे.

तेल मिळालं. काय वास आहे! झाकण उघडलं आणि खोली गुलाबाने भरून गेली. जिन्यात शिंपीणबाई भेटल्या, त्यांनीही विचारलं, "अहो, हा कसला वास येतोय तुमच्याकडून?" म्हटलं, भाचीचं प्रेम आहे.

पैज मंजूर. हॉटेलातला माझा जुना दोस्त, आचारी, आपण ज्याला वस्ताद म्हणतो, त्यालाही बोलवतो. साक्षीदार हवा. मी जिंकलो हे तुझ्या आईने उद्या नाकारू नये.

आता बाटलीचं. चाळीस वर्षांत तिच्यात साका धरलेला असतो, काळा, जाड, तळाच्या बाजूला चिकटलेला. तो ग्लासात आला तर सगळी मजा गेली. म्हणून दोन दिवस आधी बाटली हलक्या हाताने उभी कर, म्हणजे साका तळाशी बसेल. मग निवळ तेवढी काचेच्या सुरईत ओतून घ्यायची आणि साका मागे ठेवायचा. ते कसं करायचं ते पुढच्या पत्रात सविस्तर. घाई करू नकोस, तुझ्या गिऱ्हाइकांसारखी ती काउंटरवर बोटं वाजवत उभी नाही.

तुझा,
(शाबूत नाकाचा) मामा

१० फेब्रुवारी

प्रिय वस्ताद,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. तुला चुलींची सवय आहे.

माझं नाक गेलं. डिसेंबरातला तो ताप आठवतो? तो गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. कांदा आणि गुलाब मला सारखेच. डॉक्टर म्हणतो, परत येईल, नाहीही येणार, थोडं येईल, सांगता येत नाही. एवढं सांगायला तो इतकी वर्षं शिकला. जिभेला गोड, आंबट, खारट एवढं कळतं, पुढचं सगळं बंद. परवा दूध करपलं आणि घर धुराने भरलं तरी मला पत्ता नाही. भाचीने गुलाबाचं तेल पाठवलं, त्याची मी तोंड भरून स्तुती केली आहे. पाण्याला जेवढा वास येतो तेवढाच मला त्याचा आला.

आणि या अवस्थेत मी पैज घेतली आहे! डोळे बांधून, तीन ग्लासांतली जुनी पोर्ट ओळखायची. हरलो तर दुकानावरच्या खोलीत मुक्काम, बहिणीच्या देखरेखीखाली. तुला वाटेल, सरळ सांगून का टाकत नाही. वस्ताद, अठ्ठावीस वर्षं लोकांनी मला नाकावरून ओळखलं. ते गेलं असं कळलं की मी कोण उरतो? जिना चढताना धापा टाकणारा एक म्हातारा. मला भीती वाटते, हे तुला म्हणून सांगतो.

तेव्हा तू ये. ग्लास एकेक करून माझ्या हातात देतील. जुनी पोर्ट कडेला विटकरी दिसते, नव्या गर्द जांभळ्या असतात, हे तुला मी सांगायला नको. विटकरी ग्लास माझ्या हातात आला की एकदा खोक. एकदाच, पण मनापासून. आपण हॉटेलमालकाला अशाच खुणांवर वीस वर्षं फिरवलं आहे, ही तर माझी भाची आहे.

तुझा,
नाकसाहेब (निवृत्त, दोन्ही अर्थांनी)

२२ फेब्रुवारी

ती. मामास,

आधी खुर्चीत बस. तुझ्या पाठीच्या आकाराच्या.

आज सकाळी थंड खोलीतला हिशेबाचा पसारा आवरताना वाटलं, बाटली जरा उजेडात बघू. उचलली. तेवढ्यात बाहेरून एका आजोबांनी हाक मारली, "अहो बाई, माझं पित्ताचं औषध!" मी "आले, आले" म्हणत वळले, आणि मामा, माझ्या हाताने आपलं काम केलं. वर-खाली, वर-खाली, चार वेळा, चांगलं खळखळून. अठरा वर्षं झाली, हातात बाटली आली की हा हात ती हलवतो. गेल्या आठवड्यात आमच्याकडे पाहुणे आले तर मी सरबताचा जगही हलवला, नवऱ्याच्या शर्टावर अजून डाग आहे.

उजेडासमोर धरली तर आत काळ्या चिंध्यांची गर्दी भोवऱ्यासारखी फिरत होती. वर बाबांच्या अक्षरात 'हलवू नये'. मला रडूच आलं. आईने दारातून बघितलं आणि म्हणाली, "झालं? तुझ्या वडिलांनी इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नाही!" मग तीही रडली आणि आम्ही दोघींनी आजोबांना पित्ताऐवजी सर्दीचं औषध दिलं. ते परत आले, म्हणून ठीक.

आता काय करू? फेकून द्यायची का? पैज रद्द समजायची का? माझ्याकडे गाळायचा कागद आहे, एकदम बारीक छिद्रांचा, त्यातून ओतली तर काही उरणार नाही. लवकर लिही.

तुझी,
अपराधी पुडी

२५ फेब्रुवारी

चि. पुडीस,

आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत मी नाही, तरी पद्धत म्हणून घे.

चाळीस वर्षं झोपलेल्या बाटलीला तू अशी उठवलीस! तुझा बाप पुड्या बांधायचा, पण बाटल्यांशी अदबीने वागायचा. ज्या दिवशी ती आणली, त्या दिवशी त्याने मला विचारलं होतं, "हिला कडेवर घेऊन नेऊ का?" आणि तू? बरं झालं, हॉटेलात माझ्या हाताखाली नव्हतीस.

आता रडणं पुरे. बाटली मेली नाही, नुसती भांबावली आहे. तीन आठवडे आहेत. आजच उभी कर, थंड अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि कुणी तिच्याकडे नुसतं बघितलं तरी ओरड. साका हळूहळू खाली बसेल. गाळायच्या कागदाचं नाव पुन्हा काढलंस तर पत्रव्यवहार बंद. तो साक्याबरोबर चवही गाळून टाकतो.

त्या दिवशी काय करायचं ते लिहितो, हे पान भिंतीला चिकटव.

सुरई गरम पाण्याने धू, साबण लावू नकोस, आणि उलटी ठेवून कोरडी कर. बूच जुनं आहे, त्याचा भुगा होईल, म्हणून स्क्रू अगदी खोलवर जाऊ दे आणि मग पाप कबूल करायला लागल्यासारखं हळू वर ओढ. बाटलीचं तोंड आतून-बाहेरून ओल्या कापडाने पूस. मग मेणबत्ती लाव, दुपार असली तरी. बाटलीच्या मानेखाली ज्योत दिसेल अशी धर आणि ओतायला लाग. एका दमात. थांबलीस की लाट मागे जाते आणि साका उठतो. फोन वाजला, गिऱ्हाईक आलं, तुझ्या आईने हाक मारली, काहीही झालं तरी थांबायचं नाही. खांद्यापाशी काळी रेघ दिसली की मात्र तिथल्या तिथे थांब. मागे दोन बोटं उरतील, ती उरू देत. वरची सगळी निवळ निघाली पाहिजे, माणकासारखी. एक कणही ग्लासात आला तर मला कळेल.

पैज रद्द? मी पैज रद्द करणारा वाटतो तुला? वस्तादने तिकीट काढलं आहे. अठराला येतो.

तुझा,
मामा

ता. क. तेल संपत आलं. त्या सुवासाची सवय झाली आहे.

२१ मार्च

वस्ताद,

दगाबाज माणसा! सुखरूप पोचलास का?

तुला मी एक काम दिलं होतं. एक. खोकायचं! सकाळपासून तू खोकत होतास, तेव्हा मी म्हटलं, गडी तयारी करतोय, केवढा हा इमानी दोस्त. चहाला खोकलास, बागेत खोकलास, माझ्या बहिणीशी बोलताना तर असा खोकलास की तिने तुला खुर्ची दिली. आणि ऐन वेळी? गप्प!

माझी अवस्था ऐक. डोळ्यांवर भाचीने दुकानातलं कोरं बँडेज गुंडाळलं, चांगले चार फेरे. भर दुपार, पण मला मिट्ट काळोख. समोर बहीण, जावई, तू. पहिला ग्लास हातात आला. मी नाकाशी नेला, दीर्घ श्वास घेतला, 'हं' म्हटलं. काही नाही. गोड. मी तुझ्या खोकल्याची वाट पाहत राहिलो. शांतता. म्हटलं, म्हणजे हा नव्हे. दुसरा ग्लास. पुन्हा 'हं', पुन्हा शांतता. मग तिसरा, तोही शांत! माझ्या कपाळावर घाम आला, तो बँडेजने टिपला गेला म्हणून बरं. जावई म्हणाला, "मामा विचार करताहेत." विचार कसला, वरच्या खोलीत माझी खुर्ची जिन्यातून चढेल का हे मी मनातल्या मनात मोजत होतो.

शेवटी म्हटलं, पुन्हा एकदा चाखू. पहिला, गुळगुळीत. दुसऱ्याचा घोट घेतला आणि कवळीखाली काहीतरी कचकन वाजलं. बारीक वाळूसारखं. मी जीभ फिरवली. साका! नव्या पोर्टमध्ये साका कुठून येणार? मी ग्लास वर धरला आणि म्हणालो, "ही. चाळीस वर्षं मागे नेते ही." टाळ्या वाजल्या. बहिणीने माझे गालगुच्चे घेतले. बँडेज सोडलं तर समोर भाची, तिचे डोळे भरलेले. हरली ना बिचारी.

पोरीला मी पान भरून लिहिलं होतं, एका दमात ओत, एक कण येता कामा नये. तिने गडबड केलीच. तिच्या धांदरटपणाने मी वाचलो! नाहीतर तू मला बुडवलंच होतंस.

एक विचारू का, वस्ताद? सगळे ओठ चाटत होते. माझी बहीण, जिला सरबतापलीकडे काही माहीत नाही, तीही म्हणाली, "अगंबाई." मीही डोळे मिटून मान डोलावली. पण मला नुसतं गोड लागलं, साखरेच्या पाण्यासारखं. ती बाटली मी आणली, इतकी वर्षं तिच्या गोष्टी सांगितल्या. कशी होती रे ती?

तुझा,
नाकसाहेब

२३ मार्च

नाकसाहेब,

शिव्या नंतर द्या, आधी ऐका.

मी इमानदारीत खोकायचा सराव करत होतो. तुमच्या भाचीने तो ऐकला. दुपारी मला बाजूला घेतलं, छातीला नळी लावली, म्हणाली, "काका, हा खोकला चांगला नाही," आणि दोन मोठे चमचे कसलंसं औषध पाजलं. मी नको नको म्हणत होतो. त्यानंतर मला खोकायचं होतं पण खोकला येईना, डोळेही उघडे राहीनात. टाळ्या वाजल्या तेव्हा जाग आली. माझ्या ग्लासातली चव विचाराल, तर त्या चमच्यावरची चव अजून तोंडात होती. तुम्हाला काय सांगू?

एक मात्र सांगतो. तुम्ही साका साका म्हणता, माझ्या ग्लासात साका नव्हता. मी खिडकीकडे धरून बघितलं होतं, झोपायच्या आधी. इतकी स्वच्छ निवळ मी आपल्या हॉटेलातही पाहिली नाही.

खोकला पूर्ण बरा झाला. पोरगी हुशार आहे.

वस्ताद

२५ मार्च

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. कंबर बरी आहे, या वेळी खरोखर घातला.

घर शांत झालंय. आई रोज कुणाला ना कुणाला फोन करून सांगते, "माझ्या भावाने डोळे बांधून ओळखली." औषध घ्यायला येणाऱ्यांनाही सांगते. काल पित्ताचे आजोबा ते ऐकून औषध न घेताच गेले. खोलीचं नाव तिने काढलेलं नाही, वचन पाळतेय. तूही मजेत असशील, खिडकीशी.

मामा, आता तुला एक सांगायचं आहे, आणि ते मी आईला, नवऱ्याला, वस्तादकाकांना, कुणालाच सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

मी तुला पाठवलेलं तेल गुलाबाचं नव्हतं. कापूर, निलगिरी आणि टर्पेंटाइन होतं. घोड्याच्या पायाला चोळतात तसलं. दुकानात झाकण उघडलं तर रस्त्यावरचा माणूस शिंकतो. लेबल तेवढं मी गुलाबाचं लावलं. दुधाची गोष्ट ऐकली तेव्हाच मला शंका आली होती, पण तुला विचारलं असतं तर तू आडवा चौदावा शब्द पुढे केला असतास. तसा तो केलासच. 'खोली गुलाबाने भरून गेली' हे वाचलं आणि मी काउंटरवर डोकं टेकून हसले, आणि मग खूप वेळ हसू आलं नाही. शिंपीणबाईंना वास कसला येत होता ते आता कळलं ना?

मला वाटलं, पैजेचं नाव काढलं की तू कबूल करशील. तर तू लगेच 'मंजूर' म्हणालास, वर साक्षीदार बोलावलास! मग मीच घाबरले. आईसमोर, वस्तादकाकांसमोर, बँडेज बांधून तू चुकीचा ग्लास उचलशील, हे मला बघायचं नव्हतं. तू खोलीत आलास तरी मान खाली घालून आला असतास, आणि असा मामा मला वरच्या मजल्यावर नको होता.

म्हणून त्या दिवशी मी तुझं पान भिंतीला लावलं आणि शब्दन् शब्द पाळला. मेणबत्ती लावली, फोन वाजत राहिला, आई हाका मारत राहिली, मी एका दमात ओतली, काळी रेघ दिसताच थांबले. माणकासारखी निघाली, मामा. मग दार लावून घेतलं, मागे उरलेली दोन बोटं बाटलीत होती ती चांगली हलवली. या वेळी मुद्दाम. आणि औषधाच्या चमच्याने मोजून एक चमचा तुझ्या एकट्याच्या ग्लासात घातला. जिभेला तेवढं कळतं, हे मला माहीत होतं. मी बाटली उगीच हलवत नाही, अठरा वर्षांत फक्त एकदाच चुकून हलवली. (सरबत धरलं तर दोनदा.)

वस्तादकाकांचा खोकला मात्र मला खरा वाटला. तो काय प्रकार होता ते तू कधीतरी सांगशीलच.

एवढंच. तू जिंकलास, वचन ते वचन. मला फक्त तुझ्यापाशी खोटं बोलायचं नव्हतं.

तुझी,
पुडी

३० मार्च

चि. पुडीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा ती तेलाची बाटली खिडकीतून फेकावीशी वाटली, पण खाली शिंपीणबाई उभ्या होत्या. तिसऱ्यांदा वाचताना मी रडलो. म्हातारा माणूस आहे, रडतो.

घोड्याचं तेल! दीड महिना मी ते अंगाला चोळून वाचनालयात जात होतो. माझ्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असायची, मला वाटायचं मान देतात.

तू काय केलंस ते मला कळलं आहे, पुडे. तू भोळेपणाने लिहितेस, 'मला फक्त खोटं बोलायचं नव्हतं.' मी अठ्ठावीस वर्षं माणसांना वाढलं आहे, कोण कशासाठी हसतो ते मला नाकाशिवायही कळतं. मदत घेऊन जिंकलेला जिंकत नाही, हे मी तुला पत्ते शिकवताना शिकवलं होतं, तू सहा वर्षांची होतीस. म्हणजे तुला ठाऊक होतं की हे पत्र वाचलं की मी पैज हरलो. सगळ्यांसमोर जिंकवलंस आणि पाकिटात घालून हरवलंस! तुझा बाप असता तर त्याने तुला खांद्यावर घेऊन नाचवलं असतं.

वस्तादचा खोकला माझा होता. मीच त्याला खोकायला सांगितलं होतं आणि तू दोन चमच्यांत बंद केलास. म्हणजे लबाडीतही मी हरलो. आता आणखी काय उरलं?

शनिवारी येतो. बॅग मी स्वतः वर नेणार. सगळ्यांना सांगायचं, मामा जिंकला, पण भाचीचा हट्ट मोडवेना म्हणून आला. तुझ्या आईला दिवसातून एकच प्रश्न विचारायची परवानगी, तो तिने सकाळीच ठरवावा. माझी खुर्ची टेम्पोतून येईल, जावयाला तिची मापं कळवली आहेत. नाक डिसेंबरातल्या तापात गेलं; डॉक्टर म्हणतो, थोडं परत येईल, सांगता येत नाही. ते कुणाला सांगायचं ते मी ठरवेन, माझ्या सवडीने.

आणि एक मागतो. कशी होती ती? वस्तादला विचारलं, तो झोपला होता. तुझ्या आईला विचारलं, ती 'अगंबाई'च्या पुढे जात नाही. तुला चव कळते, दिवसभर वासांत असतेस. इतकी वर्षं मी ज्या घोटाची वाट पाहिली तो माझ्या तोंडात होता आणि मला भेटला नाही. मला लिहून सांग. सजवून नको, जशी होती तशी.

तुझा,
मामा

२ एप्रिल

मामा,

सांगते.

पहिला घोट खोकल्याच्या औषधासारखा लागला. खोटं कशाला बोलू? तीन वर्षांची असताना मी बरोबरच बोलले होते. मग तो जिभेवर थांबला आणि वाळलेल्या काळ्या मनुका आल्या. नंतर बाबांचं कपाट, तेच, लाकडाचं, सगळ्यात वरच्या खणात तंबाखूचा जुना डबा असलेलं. उघडलं की यायचा ना वास, तसा. आणि गिळून झाल्यावर, सगळं संपलं असं वाटल्यावर, खूप वेळाने थोडंसं कडू आलं आणि त्यात गोड. मला त्या क्षणी बाबा खोलीत आहेत असं वाटलं. माझे डोळे भरले ते त्यामुळे, तू म्हणशील पैज हरले म्हणून.

पण मामा, लिहून चव पोचत नाही. त्या दुपारीच मी सुरईतली थोडी निवळ एका लहान तपकिरी बाटलीत भरून ठेवली. काठोकाठ, हवेला जागा न ठेवता, आणि बूच मेणाने बंद केलं. जितके दिवस टिकेल तितके टिकेल. डॉक्टर म्हणतो ना, थोडं परत येईल, सांगता येत नाही. तर रविवारी दुपारी एकेक चमचा घेऊ. मी शेजारी बसून काय लागतंय ते सांगत जाईन आणि तू नाक लावून बघ. नाही आलं तर पुढच्या रविवारी.

बाटली तुझ्या खिडकीत ठेवली आहे, पडद्याच्या सावलीत. आई दोनदा पुसायला गेली होती, मी ओरडले. लेबल लावलंय:

'मामासाठी. रविवारी जेवणानंतर एक चमचा. भाचीच्या हातून घ्यावे. हलवू नये.'

पुडी